दर्यातला पाला

“मासळी न्हाई, भाजी न्हाई, मंग हाय तरी काय ह्ये?” हौशीरामनं पुडीत नाक खुपसून वास घेतला आणि सणसणीत शिंकला.

“आबा, दर्यातला पाला हाय. खडकावं उगवतो,” जया म्हणाली. “आमच्या बचत गटाच्या बाया काढत्यात, गोड्या पान्यात धुत्यात, वाळवून भुकटी करत्यात. कालवनात घातली की मीठ कमी लागतं.”

“म्हंजी तुला घाट उतरून कोकनात दिली, ती खडकं खरवडाय व्हय?”

जया हसली. बापाच्या रागात दम नसतो हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

हौशीराम जन्मभर घाटघरच्या रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, दरड आली की दगड ओढायचे. उन्हात डांबर टाकताना पाठीवर घाम वाळून सदऱ्याला पांढऱ्या रेघा उठायच्या. गेलं तेवढं मीठ पोटात घालावं, असा त्याचा साधा हिशोब. म्हणून ताटात भाकरीआधी मिठाचा खडा लागे. पुढं नोकरी संपली, घाम थांबला, पण मीठ काही थांबलं नाही. मग ब्लडप्रेशर निघालं आणि स्वारी गोळ्यांवर आली.

आज सकाळीच नवरा-बायको आणि जया एसटीनं जुन्नरला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी प्रेशर मोजलं, भुवया चढवल्या आणि पुन्हा मोजलं.

“गोळ्या रोज घेताय ना? आणि मीठ?”

हौशीरामनं बायकोकडं पाहिलं. बायडाबाईनं तत्काळ सांगितलं, “मीठ कडक बंद हाय, डाक्टर. शिमग्यापासनं.”

“मग उतरत का नाही? हे असंच राहिलं तर एखाद्या दिवशी डोक्यातली नस फुटेल, आजी.”

जयानं पुडी पुढं केली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली. काही लोकांचं प्रेशर याच्यानं थोडं उतरलेलं दिसलंय, पण याच्या जिवावर गोळी सोडायची नाही, आणि चिमटीनंच घालायचं, असं त्यांनी बजावलं. “मीठ कमी झालं तर खरा गुण,” ते म्हणाले. हौशीराम छताच्या पंख्याकडं बघत बसला होता. घरचं कालवण त्याला अगदी पूर्वीसारखंच लागत होतं. पण जिभेला गोड लागतंय तोवर चौकशी कशाला करा, हे शहाणपण त्यानं सरकारी नोकरीतच कमावलेलं.

 परतीच्या वाटेवर फाट्यावर उतरताना बायडाबाईला घेरी आली. जयानं धरलं म्हणून बरं, नाहीतर म्हातारी सरळ डांबरावर पडली असती. “उनाचं व्हतं,” म्हणून तिनं पदर डोक्यावर ओढला आणि चालू लागली.

आता चुलीवर हुलग्याचं कालवण रटरटत होतं. जया भुकटी घालायला गेली, तर पुढं दोन पातेली.

“आये, दोन कशाला?”

“आसंच.”

जयानं दोन्हीतलं थेंबथेंब चाखून पाहिलं. एक चांगलं मिठाचं. दुसरं पार अळणी. तिला हायसं वाटलं. “ह्ये अळनी आबांचं व्हय?”

“न्हाई गं. ते माझं. त्यांचं ह्ये.”

जया आईच्या तोंडाकडं बघतच राहिली.

“डाक्टर म्हनला मीठ सोडा,” बायडाबाई जाळ सारत हळू आवाजात सांगू लागली. “ह्यांच्यानं सुटंना. पयल्याच दिशी ताट सारलं आन् उपाशी निजलं. मला बघवंना. मंग कळमजाई देवीपुढं शबूद दिला, ह्यांच्या वाटचं मी सोडते. सोमवार मी धरते, त्यो ह्यांच्यासाठीच ना? मंग मिठाचा गुन का लागू नये?”

“अगं पर आये, त्यांच्या पोटात मीठ जातंयच की!”

“त्याचं न्हाई काय. खोट माझ्यातच हाय.” तिचे डोळे भरून आले. “भावकीतल्या संपतच्या नातवाच्या बारशाला गेले व्हते. बोलन्याच्या नादात पापड खाल्ला गं म्या. खारट लागला तवा ध्यानात आलं. त्यानंच मोडलं सगळं. आता ह्यांचं काय बरंवाईट झालं तर मी कुनाला तोंड दावू?”

रागवावं की आईला पोटाशी धरावं हे जयाला कळेना. बाई आपल्या वाटची भाकरी अळणी गिळून नवऱ्याला जगवत होती, आणि त्याच हातांनी त्याला रोज थोडं थोडं मारत होती. हे तिला सांगायचं कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात उंबऱ्याशी हौशीरामची सावली हलली. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला, चुलीपाशी पाटावर टेकला आणि अळणी पातेलं आपल्याकडं ओढलं.

“जये, ह्यात तुझा त्यो पाला टाक.”

जयानं चिमूटभर भुकटी घालून ढवळलं. त्यानं नाचणीच्या भाकरीचा घास बुडवून तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं, पण घास खाली उतरला. मग त्यानं दुसरा घास मोडला, आपल्या मिठाच्या पातेल्यात बुडवला, वर मिठाची कणी चोळली आणि हात बायकोच्या तोंडापुढं धरला.

“ज्याच्यासाठी धरलं त्यानंच सोडवावं लागतं. घे.”

“अवो, जया हाय समूर!” बायडाबाई लाजून मागं सरकली.

“आसू दे. लेकच हाय.”

“आन् देवीला काय सांगू?”

“सांग, ज्याचं व्हतं त्यानं सोडलं. आजपासनं माझं मी सोडतो. तू जेव.”

उभ्या जन्मात त्या माणसानं बायकोला घास भरवला नव्हता. कालवण मनगटावरून ओघळत होतं. बायडाबाईनं एकदा जयाकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं. घास चावता चावता ती रडायला लागली.

“लई खारट झालं काय?” हौशीरामनं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

तो आपल्या भाकरीकडं वळला. घास मोडण्याआधी त्यानं बोटांना चिकटलेलं मीठ लेंग्याला पुसून टाकलं.