गाळलेला प्रश्न

कमठाण्याच्या दवाखान्यात इटलीहून डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा त्यांचं इंग्रजी जेमतेम होतं आणि मराठीच्या नावानं तर आनंदच. शरीरशास्त्राचं त्यांचं जाडजूड पुस्तकही इटालियनमधलं. गावात बऱ्यापैकी इंग्रजी येणारे एकटे माणिकराव मास्तर. शाळा सुटली की ते तिथं जाऊन बसत आणि दोघं शब्दकोश उघडून जुळवाजुळव करत. फेगातो म्हणजे लिव्हर. माम्मेल्ला म्हणजे ब्रेस्ट. हे म्हणताना मास्तरांची जीभ कधी अडखळली नाही; परक्या भाषेत कसली आलीय लाज? धम्म घेतला तेव्हाच आम्ही जुन्या रीती गाडून टाकल्या, असंही ते चारचौघांत ऐटीत सांगत.

बायकांना तपासताना डॉक्टरीणबाई पडद्याआड आणि मास्तर अलीकडे. डॉक्टरीणबाई डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव विचारत जात आणि आजारी बाई दुखतं म्हणेल तिथंच हात लावत. परक्या बायकांना मास्तर सगळं बिनदिक्कत विचारत.

एके दिवशी पडद्याआड त्यांच्या धाकट्या भावाची बायको शोभा येऊन बसली. भावजयीनं भायाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही, ही रीत मात्र त्यांच्या घरात अजून गाडली गेली नव्हती.

"डोस्कं दुखायलंय का, म्हणून इचारायल्यात बाई," मास्तर म्हणाले.

"न्हाई म्हणावं."

"मान? खांदे?"

"न्हाई."

"माम्मेल्ला," आतून आवाज आला.

मास्तरांना तो शब्द भावजयीपुढे मराठीत उच्चारवेना. नुसतं छाती म्हटलं असतं तरी भागलं असतं. ओसरीत आई, कोंडाबाई, बसली होती. तिला विचारायला लावता आलं असतं. पण आईला तरी कोणत्या तोंडानं सांगायचं?

"नो," त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं आणि भावजयीला विचारलं, "पोट दुखायलंय का?"



"पाठ दुखायलीय म्हणावं," शोभा हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पाठ चाचपून चोळायला मलम दिलं.

सुगी सरता सरता शोभाच्या चोळीला रक्त लागलेलं कोंडाबाईंनी पाहिलं आणि तिला तडक दवाखान्यात आणलं. या वेळी त्या स्वतः आत गेल्या. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर येऊन हात धूत राहिल्या. गाठ काखेपर्यंत पसरली होती. आता कापूनही उपयोग नव्हता. कधीपासून आहे ते विचारा, म्हणाल्या.

मास्तरांनी विचारलं.

"तवाच व्हती म्हणावं," शोभा आतून म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्येच दाखवाया आले व्हते. माझ्या तोंडून निघंना, म्हणून बाई इचारतील याची वाट बगत व्हते."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई ओले हात तसेच धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"तिला आठवत नाही म्हणते," मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मास्तरांच्या शब्दावर त्यांचा पूर्ण भरवसा होता.