उजव्या अंगाचा कौल

मित्रांनो, मी एक जुना पिंगळा आहे. जुना म्हणजे डावा डोळा फुटलेला, एक पंख धड मिटत नाही असा. या दोन्ही जखमा एकाच दिवसाच्या. तो दिवस सांगतो.

सोनपेठजवळ गोदावरीच्या काठी एक जांभूळ आहे. त्याच्या खालच्या ढोलीत मी राहायचो आणि वरच्या ढोलीत गव्हाणी घुबडांची जोडी. आम्ही सगळे घुबडांच्याच जातीचे. पण मी ओंजळीत मावेन एवढा, त्यातली मादी कावळ्याहून थोराड. माझे डोळे पिवळे, तिचे काळेभोर. माझं अंग तपकिरी, वर पांढरे ठिपके. तिचा चेहरा पिंपळपानासारखा आणि चुन्यासारखा पांढरा. मी टोळ-किडे वेचतो आणि जावाजावांच्या भांडणासारखा चिरचिरतो. ती उडते तेव्हा पिसाचाही आवाज होत नाही. पिलं असली की एका रात्रीत आठ-दहा उंदीर घरी आणते.

माणसांनी मात्र आमची वाटणी वेगळीच केली. कामाला निघताना मी उजव्या अंगाला बोललो, तर काम फत्ते. ती नुसती दिसली तरी लोक थुंकायचे. मला तो मान आवडायचा, खोटं कशाला बोलू?

मोठा दुष्काळ सरला त्यानंतरच्या साली उंदीर माजले. ती आश्रुबाच्या खळ्यावर शिकारीला जायची. एका संध्याकाळी आश्रुबाने तिला दगड भिरकावला. दगड लागला नाही, पण आठवड्याभरात आश्रुबाला थंडीताप भरला आणि तो वाळत चालला. गावाची समजूत अशी, की घुबड आपल्याला मारलेला दगड झेलतं आणि रोज नदीत घासतं. दगड झिजेल तसा माणूस झिजतो.

आश्रुबाची बायको धुरपताबाई दिराला, लिंबाजीला, घेऊन दिवस कलताना झाडाखाली आली.

"वैनी, तुमी सरका. दगुड काढतो आन् वंशच संपिवतो," लिंबाजी कुऱ्हाड सरसावून म्हणाला.

"थांबा भावजी. मुकं पाखरू हाय. उजवीकडून पिंगळा बोलला तरच हात लावा."

"आन् न्हाई बोलला तर? दादा तिकडं मरायलाय!"

"न्हाई बोलला तर माघारी जायचं. माझं कुंकू, मी बघीन."

मला कुऱ्हाड दिसत होती. वर चार पिलं होती. मी ढोलीतून झेपावलो, समोरच्या फांदीवर बसलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो. पळा! पळा!

ती फांदी त्यांच्या उजव्या अंगाला होती.

लिंबाजीने कुऱ्हाड कपाळाला लावली. "बोलला, वैनी! बोलला!"

मग त्यांनी मिरच्यांची धुरी दिली. नर आंधळ्यासारखा बाहेर पडला, तो काठीने अर्धा तुटून खाली आला. लिंबाजी खोडात खाचा पाडत वर चढला, तेव्हा मादी पिलांवर पंख पसरून बसली होती. कुऱ्हाड ढोलीत शिरली ती तिच्या पाठीतूनच. पिलं एकेक करून खडकावर आपटली. चौथं बराच वेळ पाय झाडत होतं. मी लिंबाजीच्या तोंडावर धावलो. कुऱ्हाडीचा दांडा लागला, माझा डावा डोळा गेला आणि पंख मोडला.

ढोली उपसली. उंदरांच्या कवट्या निघाल्या, ओंजळी भरभरून. दगड निघाला नाही.

पुढे हिवतापाच्या गोळ्या वाटणारा माणूस गावात आला. गोळ्यांनी आश्रुबा उठून बसला. तोवर उंदरांनी बियाण्याची ज्वारी फस्त केली होती. एका सकाळी नवरा-बायको जळण वेचत झाडाखाली आले. ढोलीत तुमचा दगड सापडलाच नाही, असं तिने त्याला सांगितलं.

"कंचा दगुड?" आश्रुबा हसला. "त्यो तर मी दुसऱ्याच दिशी घरी आणला. तुज्या चुलीचा तिसरा दगुड न्हाई का, त्योच."

धुरपताबाईच्या हातातलं जळण गळालं. त्याच दगडावर भांडं टेकवून तिने महिनाभर नवऱ्याची पेज शिजवली होती. खोडावरच्या कुऱ्हाडीच्या खुणांवर तळवा ठेवून तिने वर पाहिलं.

"मग तू का बोललास रं, पिंगळ्या?"

मित्रांनो, पाखरू आपल्या भयाने ओरडतं, आपल्या पिलांसाठी ओरडतं. त्यात तुमचा कौल शोधू नका. आधी वर बघा, ढोलीत कोण आहे ते.

मी तिला हेच सांगायला तोंड उघडलं. तिने उजव्या अंगाची चिरचिर तेवढी ऐकली आणि हात जोडले.