तडा गेलेलं खापर

मित्रांनो, माझी पाठ काळी आहे आणि काठापासून वर एक तडा गेला आहे. परसात पडलेलं फुटकं मडकं समजून तुम्ही मला ओलांडून जाल. पण मी खापर आहे. आमच्या खान्देशात मला चुलीवर पालथं घालतात आणि माझ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात.

धरणगावच्या पुना कुंभाराने मला घडवलं आणि इंदिराबाईंनी मला घरी आणलं. पहिल्याच वर्षी मला हा तडा गेला. दुसऱ्या कुणी फेकून दिलं असतं. इंदिराबाईंनी तड्यात चिकणमाती भरली, ती बाजू जाळापासून लांब ठेवली आणि मी पुढे कितीतरी वर्षं कामी आलो. पुरण भरलेला गोळा त्या नुसत्या हातांवर फिरवत. तो कोपरापर्यंत पसरे, त्यातून उजेड दिसू लागे, मग अलगद माझ्या पाठीवर येई. लग्नघरांतून त्यांना मानाने बोलावणं येई.

सहासष्ट साली त्यांची बोटं सकाळी वळेनाशी झाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या, दर महिन्याला यायला सांगितलं. "मन खचलं की दुखणं वाढेल, यांना आनंदात ठेवा," असंही ते म्हणाले. इंदिराबाईंचे यजमान लोटनभाऊ चुलीपाशी बसून हे मोठ्या जाऊबाईंना, कस्तुरा अक्कांना सांगत होते, म्हणून मला कळलं.

साधं वाक्य होतं हो! पण त्याचा पुढे काय अर्थ लावला गेला, ते आठवलं की अजून माझी पाठ तापते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक रेशमा लग्नानंतर पहिल्यांदा चाळीसगावहून माहेरी आली. इंदिराबाईंचा चेहरा फुलला. बोटं खरोखरच सैल झाली आणि त्यांनी हसतहसत अकरा मांडे केले. मी स्वतः मोजले. तिसऱ्याच दिवशी सासरची माणसं येऊन रेशमाला घेऊन गेली. दुसऱ्या सकाळी इंदिराबाईंची बोटं सुजून टम्म झाली. हातातून पाण्याचा तांब्या निसटला.

"पोरीले पाहीसन हात चालतस, नी काम पाहीसन दुखतस!" अक्का म्हणाल्या. "बठ्ठं ढोंग शे."

इंदिराबाई म्हणाल्या, "अक्का, तवय बी दुखे. पण सोसाये."

लोटनभाऊ घुटमळले. मग म्हणाले, "डाक्टरनी बी सांगं व्हतं, मनवर शे."

"मंग धुळे कसाले जातस?" अक्का म्हणाल्या.

झालं! धुळ्याची फेरी रद्द झाली, गोळ्या संपल्या त्या संपल्याच. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, की मनाने दुखणं वाढतं म्हणजे ते खोटं नसतं! पण मी आपला फडताळाखाली पालथा. आणि गंमत पाहा, ढोंगी म्हणून टोमणे बसले की बोटं अधिक सुजत आणि सुजली की आणखी टोमणे बसत.

पुढच्या आखाजीला इंदिराबाईंना गोळाही धरवेना. अक्का तावातावाने चुलीपुढे बसल्या. तड्याची बाजू कोणती हे त्यांना कुठे ठाऊक होतं! त्यांनी नेमकी तीच जाळावर ठेवली आणि वर कपाशीची सुकी पळकाटी कोंबली. जाळ भडकला, माझ्यातून टणकन आवाज आला आणि तडा वरपर्यंत उघडला. मांडा चुलीत पडला.

"अवं, कालदिन ते धड व्हतं! आते कसं फुटनं?"

कोपऱ्यातून इंदिराबाई शांतपणे म्हणाल्या, "अक्का, ते बी ढोंग करी ऱ्हायनं व्हई."

लोटनभाऊ माझ्याजवळ आले. त्यांनी तड्यावरून बोट फिरवलं, तड्यातली जुनी, वाळलेली माती पाहिली. मग बायकोच्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने दोघं धुळ्याला गेले.

गोळ्यांनी दुखणं पुष्कळ कमी झालं. पण वर्षभरात वाकडी झालेली बोटं सरळ झाली नाहीत. इंदिराबाईंनी पुन्हा मांडा केला नाही.

मित्रांनो, मी मातीचा. मला वैद्यकी येत नाही, आणि हे नीट सांगता आलं की नाही तेही कळत नाही. तुमच्याही घरात कुणी काल हसत काम केलं असेल आणि आज त्याला पेला उचलवत नसेल. कालचा दिवस दाखवून त्याला ढोंगी ठरवू नका. तडा कालही होता. काल फक्त जाळ बेताचा होता.