पांढऱ्या बुटांचा हट्ट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. लासुर्ण्याच्या एका घरात, माळ्यावर, माझ्या उजव्या भावाला टेकून पडलेला असतो. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की त्यांचा गळा दाटून येतो म्हणे. माझा येणार नाही. मला राग आलेला आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो गेलेला नाही.

माझा जन्म चिंचवडच्या बाजूला एका लहानशा कारखान्यात झाला. वरचं कापड जाड आणि शेवाळी रंगाचं. घोटा झाकेल एवढी उंची. खाली काळं रबर. साच्यातून मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या तळव्याला खोल खाचा होत्या आणि त्या खाचांमध्ये जाडजूड दात. मला शिवणाऱ्या दगडाबाईंनी उलटा करून अंगठ्याने दात चाचपले आणि म्हणाल्या, "दिसायला येडाबागडा हाय, पर धरंल." एवढीच माझी स्तुती. मला ती पुरली.

तिथून मी बारामतीच्या बाजारपेठेतल्या एका दुकानात आलो. दुकानदाराने मला एकदा बघितलं आणि मागच्या फळीवर टाकून दिलं. पुढच्या काचेत पांढरे कापडी बूट मांडलेले असत. चकचकीत, हलके, आणि खालून पाटीसारखे गुळगुळीत! लोक यायचे, रंग बघायचे, आरशात पाय बघायचे आणि घेऊन जायचे. बूट उलटा करून बघावा असं कुणाला वाटायचं नाही. मी मागे धूळ खात बसलो होतो. माझ्या रागाची सुरुवात तिथली.

मग एका बाजारच्या दिवशी केसरबाई आल्या. सणसरच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. सोबत त्यांची लेक साक्षी. ती बारामतीच्या कॉलेजात अकरावीला शिकत होती. कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळाची सहल भोरच्या बाजूच्या एका गडावर जाणार होती. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, म्हणून पंधरा ऑगस्टला गडावर झेंडा लावायचा होता.

दुकानदाराने पांढरे बूट पुढे केले. "सगळी पोरं हेच नेतायत, बाई. कॉलेजनंच सांगितलंय."

"ते घिऊच," केसरबाई म्हणाल्या, "पर चढाय-उतरायला दुसरं दाखवा. धरणारं."

दुकानदाराने तोंड वाकडं करून मला खाली काढलं. केसरबाईंनी माठातलं पाणी फरशीवर ओतलं. दुकानदार ओरडला, "अवो, फरशी!" त्यांनी लक्ष दिलं नाही. साक्षीला आधी पांढरे घालून त्या पाण्यावर उभं केलं आणि खांद्याला हलका धक्का दिला. साक्षी सर्रकन घसरली, काउंटरला धरलं म्हणून वाचली. मग आम्हाला घालून उभं केलं. तसाच धक्का. साक्षी जागची हलली नाही.

"जाड मोजे घाल आन् पुन्हा बघ," केसरबाई म्हणाल्या. "उतरताना अंगठा म्होरं आपटाय नको. टाच उचलली तर बुटानं बी संगं उठाय पायजे."

"आई, लईच गबाळे दिसत्यात गं," साक्षी म्हणाली.

"डोंगर काय तुझं तोंड बघणार हाय का पाय? घे गुमान."

साक्षीने आम्हाला घेतलं. आठवडाभर आम्हाला घालून ती कॅनॉलच्या कडेने चालली, उसाच्या सऱ्यांतून चालली. नवा बूट थेट डोंगरावर नेला तर पाय सोलून काढतो, हे तिला आईनेच सांगितलं होतं. हळूहळू मी तिच्या पायाला ओळखू लागलो.

सहलीच्या पहाटे ती आम्हाला घालून बारामतीच्या स्टँडवर आली. मंडळाचे प्रमुख जगदाळे सर गाडीच्या दारात उभे होते. त्यांची नजर तिच्या तोंडाकडे गेलीच नाही, थेट माझ्यावर आली.

"हे काय घातलंयस?"

"सर, चढाईचे बूट हायत. पावसाचं निसरडं असतंय म्हणून."

"सगळ्यांचे पांढरे आणि तुझे एकटीचे हे? वर पेपरवाले येणार आहेत. रांगेत उभं राहिल्यावर कसं दिसेल ते? काढ."

साक्षीने आम्हाला काढलं आणि सॅकमधले पांढरे घातले. पण गाडीत ठेवून जायला ती तयार नव्हती. आमच्या नाड्या एकमेकींना बांधून तिने आम्हाला सॅकला अडकवलं. म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. मित्रांनो, ज्या कामासाठी आपण जन्मलो ते काम समोर चाललेलं असताना पाठीवर लोंबकळत राहणं म्हणजे काय, ते मला विचारा.

चढताना ऊन पडलं होतं. कसेबसे सगळे वर पोचले. झेंडा लागला, राष्ट्रगीत झालं. पांढऱ्या बुटांची रांग उभी राहिली आणि फोटो निघाले. मग पश्चिमेकडून ढग आले आणि धो धो पाऊस सुरू झाला.

साक्षी सरांकडे गेली. "सर, फोटो झाला. आता माझे बूट घालू का?"

"उतरतानाचाही फोटो घ्यायचाय. खाली पोचल्यावर काय ते घाल."

साक्षीच्या पुढे पूर्वी नावाची तिची मैत्रीण चालत होती. दोघी एकाच बाकावर बसायच्या. कातळाचा उतार आला. त्यावर शेवाळ चढलेलं, वरून पाणी वाहतंय. पूर्वीने पाऊल टाकलं आणि मागे घेतलं.

"सर, पाय सरकतोय."

"चल पुढे."

"सर, खरंच सरकतोय. मी बसून उतरू का?"

"नाटकं करू नकोस, पूर्वी. मागे रांग थांबलीय."

पूर्वीने पाऊल टाकलं. तो गुळगुळीत पांढरा तळवा शेवाळावर टेकला मात्र, आणि ती दिसेनाशी झाली. कातळावरून घसरत ती खाली गेली आणि कड्याच्या तोंडाशी कारवीच्या झुडपात अडकली. तिच्या खाली नुसतं धुकं होतं. पाय विचित्र वळला होता. "साक्षी! साक्षी!" एवढंच ती ओरडत होती.

जगदाळे सर पुढे झाले. दुसऱ्याच पावलाला त्यांचाही पाय सटकला आणि ते दणकन बसले. त्यांच्याही पायात पांढरेच होते ना! त्यानंतर ते तिथून हलले नाहीत.

साक्षी खाली बसली. पांढरे बूट काढून तिने बाजूला फेकले आणि आम्हाला चढवलं. नाडीची गाठ तिने घट्ट मारली.

"साक्षी, तू जायचं नाहीस," सर म्हणाले. "मी परवानगी देत नाही."

"मग तुमी जाता का, सर?"



ती कातळाकडे तोंड करून उतरली. मी काही जादूचा बूट नाही, हे नीट ऐका. शेवाळाने कुणाचीच गय केलेली नाही. साक्षी शेवाळ टाळत होती. गवताचा गड्डा, दगडाची भेग, मुरमाचा पट्टा असं शोधून तिथे मला टेकवायची, जोर देऊन बघायची, मग अंग सोडायची. मी दात रोवायचो. एकदा मीसुद्धा घसरलो. माझा टाचेकडचा दात एका भेगेत अडकला म्हणून दोघं थांबलो. तिच्या पायाचा घाम मोज्यातून माझ्यापर्यंत येत होता.

ती पूर्वीपाशी पोचली. कारवीची मुळं सुटत आली होती. साक्षीने दोन्ही टाचा मुरमात रोवल्या, पूर्वीच्या सॅकचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि मागे रेलली. आरडाओरडा ऐकून पायथ्याच्या वाडीतली माणसं दोर घेऊन येईपर्यंत ती तशीच राहिली. "सोडू नको गं," पूर्वी म्हणायची. "सोडतीय का? गप पड," साक्षी म्हणायची. दोघींचं वजन आम्हा दोघा भावांवर होतं. आम्ही हललो नाही.

पूर्वी वाचली. नडगीचं हाड मात्र मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. झेंडा, हसरी पोरं, पांढऱ्या बुटांची सुंदर रांग. पडल्याची एक ओळ नव्हती.

पुढे कॉलेजात बैठक बसली. साक्षी आम्हाला घालूनच गेली, चिखलासकट. जगदाळे सर उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले, "मुली हसत-खिदळत चालल्या होत्या. निष्काळजीपणामुळे हे झालं. आणि साक्षीनं माझा शब्द मोडला. अशी मुलगी मंडळात नको."

पूर्वीची आई इंदिराबाई मान खाली घालून ऐकत होत्या. पूर्वी कुबडीवर रेलून उभी राहिली.

"मी हसत नव्हते," ती म्हणाली. "मी घाबरले होते. पाय सरकतोय म्हणून मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, नाटकं करू नकोस."

केसरबाई जागेवरूनच बोलल्या, "सर, पोरीचं हाड जोडलं जाईल. तुमी खोटं बोलला, ते कशानं जोडायचं?"

प्राचार्य म्हणाले, "बघू." आणि काय बघितलं? साक्षीला मंडळातून काढलं. सर तिथेच राहिले. तेव्हा मी जमिनीवर होतो, सरांच्या चकचकीत बुटांच्या समोर. मला हात असते तर काय केलं असतं, ते मी लहान मुलांपुढे सांगत नाही.

पुढचं वर्ष आलं. पुन्हा ऑगस्ट, पुन्हा सहल, आणि फळ्यावर पुन्हा तेच: सर्वांनी पांढरे बूट घालावेत. साक्षीला बोलावणं नव्हतंच. तरी ती त्या पहाटे आम्हाला घालून स्टँडवर गेली. का, ते तिने घरी कुणाला सांगितलं नाही.

गाडी उभी होती. जगदाळे सर दारात. एकेक पोरगा-पोरगी येऊ लागली आणि मी बघतच राहिलो. मंडळातल्या अद्वयच्या पायात फौजेतल्या मामाचे अवजड बूट होते. कुणाच्या पायात माझ्यासारखेच शेवाळी, कुणाच्या पायात कारखान्यात वापरायचे रबरी. एकाही पायात पांढरं काही नव्हतं. सर्वांत शेवटी पूर्वी आली, लंगडत. तिला गडावर जायचं नव्हतं. ती नुसती येऊन साक्षीशेजारी उभी राहिली.

"ज्यांच्या पायात पांढरे बूट नाहीत, त्यांनी गाडीत चढायचं नाही," सर म्हणाले.

कुणी चढलं नाही.

"ऐकू येतंय का? गाडी निघून जाईल!"

"जाऊ द्या की, सर," अद्वय म्हणाला.

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "काय करायचं, सर? काढू का गाडी?"

 सरांचे कान लाल झाले होते. ते एकटेच खाली उतरून निघून गेले.

मित्रांनो, नंतर साक्षीने मला पुष्कळ गड दाखवले. आता माझे दात झिजून गेलेत. मला माळ्यावरून काढून कुणाच्याही पायात घालू नका, मी आता कुणाला सावरू शकणार नाही. तुम्ही नवे बूट घ्या, पण रंगावर भाळू नका. तळवा बघा, ओल्या फरशीवर उभे राहून बघा. आणि पाय सरकतोय असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा. मागे कितीही मोठी रांग असू दे, आणि पुढे कितीही मोठा माणूस उभा असू दे.