रँडलचे अकरा सेकंद

गाडीने पाव मैल बारा सेकंदांच्या आत कापायचा, एवढंच रँडलचं आयुष्यातलं ध्येय होतं. तीन वर्षं झाली त्याला. पहिल्या वर्षी त्याने हवा ओढणारा जाडजूड पाइप लावला, दुसऱ्या वर्षी एक्झॉस्ट बदलला, यंदा थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप. प्रत्येक खोक्यावर छापलेलं असायचं, इतके हॉर्सपॉवर वाढतील. हा शहाणा त्या आकड्यांची बेरीज करून गावभर सांगत सुटायचा. त्याची बायको कोरीन म्हणायची, "खोक्यावरचं खरं असतं, तर आपण मंगळावर राहायला गेलो असतो."

तिचे वडील हार्लन यांचं मार्चमध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते लेकीकडे आले. घरात बेडरूम एकच. म्हातारा पाच महिने बैठकीतल्या आखूड सोफ्यावर पाय दुमडून झोपत होता. गॅरेजला खिडकी पाडून खोली करायची ठरलं होतं, पण गॅरेजात गाडी, आणि गाडीभोवती खोकीच खोकी. शेवटी रँडलने शब्द दिला, "अकरा पॉइंट काहीही येऊ दे. त्या दिवशी खेळ बंद, गॅरेज बाबांचं."

म्हणून ज्या बाईला या सगळ्या प्रकाराची शिसारी यायची, ती ऑगस्टच्या उन्हात ओहायोतल्या गाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या कडेला बसून नवरा जिंकावा म्हणून प्रार्थना करत होती. काय वेळ आली बघा बाईवर!

पहिली धाव, बारा पॉइंट चार. "हवा विरळ आहे आज," रँडल म्हणाला आणि इंजिनावर बर्फाच्या दोन पिशव्या ठेवल्या. इथले सगळेच ठेवतात.

"वरचं ते प्लास्टिक आहे, गारवा आत जायचा नाही, जावईबापू," हार्लन खुर्चीतूनच म्हणाले. "बर्फ सरबतात टाक, निदान तुझं डोकं तरी थंड होईल."

दुसरी धाव, बारा पॉइंट पाच. पहिला पाइप लावायच्या आधी, कोरी गाडी बारा पॉइंट दोनमध्ये पळाली होती. कोरीनला तो आकडा पाठ होता.

हार्लन काठी टेकत उठले. इंजिनच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी इंजिनं जोडायचंच काम केलं होतं, एकेकाच्या डोक्यावर झडपा उघडणारे चार-चार कॅमशाफ्ट बसवायचं. त्यांनी पाइपाच्या तोंडावरचा फिल्टर काढला आणि आत बोट फिरवलं. बोट तेलाने माखून बाहेर आलं.

"फिल्टर धुऊन तेल लावलंस ना काल?"

"लावायचंच असतं ते. डबीवर लिहिलंय."

"चार थेंब लावायचे असतात. तू काय डोनट तळणार होतास यात? सगळं तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलंय. गाडीच्या कॉम्प्युटरला कळेना हवा किती येतेय, मग इंजिन कसं पळणार?" ते कोरीनकडे वळले. "हवेच्या फिल्टरचा कंपनीचा मूळ डबा मी सकाळीच डिकीत टाकलाय. सेन्सर पुसू, तो डबा बसवू. वीस मिनिटांचं काम. अकरा येतील."

कोरीन डिकीकडे निघालीसुद्धा. रँडल आडवा आला.

"इथे? सगळ्यांसमोर कंपनीचा डबा?" रांगेतल्या गाड्यांची बॉनेटं उघडी होती, आणि जो तो दुसऱ्याच्या इंजिनात डोकावत होता. "लोक काय म्हणतील?"

"रँडल, बाबांची खोली अडलीय यात."

"पुढच्या वर्षी बघू ना."

बसवला पुन्हा तोच तेलकट फिल्टर. तिसरी धाव, बारा पॉइंट सहा.

हरलेला माणूस तोंड पाडून येतो. हा गडी शीळ घालत आला. "ठरलं होतं ना, अकरा आले की. आले नाहीत, काय करणार?" आणि फोनवर पुढच्या वर्षी लावायच्या वस्तूचा फोटो दाखवायला लागला.

कोरीनच्या तेव्हा लक्षात आलं. याला अकरा नकोच होते. अकरा आले असते तर खेळ संपला असता. आणि आपण वेड्यासारखं याच्यासाठी हात जोडून बसलो. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "गॅरेज तुझंच. आजपासून बेडरूममध्ये बाबा, सोफ्यावर मी."

"आणि मी?"

"तुझ्या गाडीची सीट मागे पडते ना?"

रँडल हसला. शेजारचे दोघे हसले. कोरीन हसली नाही, तेव्हा ते दोघे आपापल्या इंजिनात तोंड घालून उभे राहिले.

"कोरीन, चेष्टा पुरे."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "बाबा, उशा दोन लागतात ना तुम्हाला?"

दिवसभर जावयाची खेचणारे हार्लन आपली खुर्ची मिटायला लागले.

"एक पुरे," ते म्हणाले. "पाय लांब करता आले की झालं."