मझेविनार मावशीचा पायगुण

“उजवा पाय! उजवा, खातुना! अगं ए, डावा कसला उचलतेस?”

मी पायरीवर एका पायावर लटकलेली. डोक्यावर पाऊस, हातात मध-अक्रोडाच्या वड्यांचं ताट, आणि दारात माझी मझेविनार मावशी कमरेवर हात ठेवून उभी. थोड्या वेळापूर्वी मी याच घरात दोन रजयांखाली मस्त घोरत होते. पण नवीन वर्षाच्या सकाळी घरात पहिलं पाऊल बाहेरून यावं लागतं, आतल्या माणसाचं चालत नाही. म्हणून मावशीने मला उठवून, कोट चढवून बाहेर पिटाळलं होतं.

“पाऊल ठेवते, देवाची कृपा असो! पाऊल माझं, ठसा देवदूताचा!” मी एका दमात म्हणून टाकलं आणि आत घुसले.

“देवाला काय गाडी पकडायचीय? जरा सावकाश म्हणावं,” असं पुटपुटत तिने माझ्या तोंडात एक वडी कोंबली. डोळे मात्र भरले होते. दर वर्षी भरतात. कारण त्या दिवशी तिच्याकडे दुसरं कोणी येत नाही, आणि ती कुणाकडे जात नाही.

माझं कुतैसी शहरात शिवणाचं दुकान आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी व्हॅन पकडते आणि ओर्खेती गावी येते. आईचं माहेर ते. एक लांबच लांब रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, चरांत बदकं, रस्त्यात म्हशी, आणि पानं झडून गेलेल्या झाडांवर लटकलेली केशरी पर्सिमनची फळं. पावसाचं तर विचारूच नका. रियोनी नदीच्या या सखल भागात जमीन कोरडी दिसली की लोकांना चुकल्यासारखं होतं.

मावशी तिथल्या दवाखान्यात नर्स. वर्षभर अख्ख्या गावाला ती हवी असते. कुणाचं इंजेक्शन, कुणाची पट्टी, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर, पोरांचा ताप. ती कुठल्या घरात कुठल्या पायाने शिरते, याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नसतं. फक्त एक जानेवारीला तिचा पाय कुणाला नको असतो.

हे सुरू केलं त्सित्सिनोने. ती समोरच्या घरात राहते, मावशीची शाळेपासूनची मैत्रीण. खूप वर्षांपूर्वी तिने हौसेने मावशीला पहिल्या पावलासाठी बोलावलं. मार्चमध्ये तिचा नवरा वालिको लाकडाच्या ट्रकखाली सापडून गेला. अंत्ययात्रेच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, शवपेटीवर हात ठेवून ती मावशीला म्हणाली, “तू आली होतीस ना माझ्या घरात? तुझा पाय!” झालं. दुःखात माणूस काहीही बोलून जातं. पण गावाला आयतंच मिळालं, आणि तेव्हापासून माझी मावशी पांढऱ्या पायाची ठरली. नंतर दोघी पुन्हा बोलायला लागल्या, लोणच्याच्या बरण्यांची देवाणघेवाण सुरू झाली. त्या वाक्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. मावशीलाही ते खरं वाटतं.

“ट्रकचे ब्रेक गेले होते, मावशी,” मी दर वर्षी भांडते. “तुझ्या पायाचा काय संबंध?”

“नसेलही गं,” ती म्हणते. “पण असला तर?”

या ‘असला तर’पुढे मी हात टेकले आहेत.

तर त्या सकाळी आम्ही अक्रोडाच्या रश्शातली टर्की पुढ्यात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात फाटक धडधडलं. “मावशी! मझेविनार मावशी!” त्सित्सिनोचा मुलगा गोचा होता, त्याच्या बायकोचे, नेस्तानचे, दिवस भरत आले होते. अंगात पायजमा, पायांत गमबूट, डोक्यावर काही नाही.

“नेस्तानला कळा सुरू झाल्यात. अजून पंधरवडा होता हो! ॲम्ब्युलन्स पुलापलीकडे अडकलीय, रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे. चला ना!”

मावशीने बॅग उचलली, बूट चढवले, फाटकापर्यंत पळत गेली. आणि तिथे थबकली.

“गोचा, तुमच्याकडे कुणी येऊन गेलं का? पहिलं पाऊल?”

“मुर्मानकाका यायचेत. अजून आले नाहीत.”

मावशीचा चेहरा उतरला. “मग आधी त्याला आण.”

“मावशी, बाळ थांबणार आहे का मुर्मानकाकांसाठी?”

मुर्मान म्हणजे गावातला सगळ्यांत शुभ पायाचा माणूस. मोठं पोट, मोठं हसू, मुलंबाळं धडधाकट, द्राक्षांचा मांडव कधी कीड न लागलेला. सगळ्यांनाच तो हवा असतो, आणि प्रत्येक घरात त्याला वाइन पाजतात. त्यामुळे पुढच्या घरी तो कधी पोचेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मी मावशीचा दंड धरला आणि तिला अक्षरशः ओढत रस्त्यापलीकडे नेलं.

त्सित्सिनोचं घर लाकडी, खांबांवर उचललेलं. जिना चढून व्हरांड्यात जायचं, तिथे बूट काढायचे आणि मग आत. तिच्या घरची फरशी गावात प्रसिद्ध आहे. एकदा गॅसवाला बूट घालून आत शिरला, तर तिने त्याला पोछा हातात देऊन परत पाठवलं होतं. आता ती दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

“नाही, मझेविनार.” तिचा आवाज फाटला होता. “तुझ्या पाया पडते. अजून कुणी आलेलं नाही.”

आतून नेस्तानची किंकाळी आली.

“त्सित्सिनोकाकू, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?” मी ओरडले. माझ्या जिभेला तसंही हाड नाही. “सून मरतेय तिकडे!”

“म्हणूनच!” ती माझ्यावर उलटली. “म्हणूनच नको! नवरा गेला माझा. आता हिलाही जाऊ देऊ?”

तिने चौकट आणखी घट्ट धरली. इतकी वर्षं मी तिला मनातल्या मनात कजाग म्हणत आले. ती नुसती घाबरलेली होती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. गोचाला दिसलं नाही. त्याने आईचा हात धरून ओढला. “आई, बाजूला हो!”

“गोचा, आईला हात लावायचा नाही,” मावशी म्हणाली. मग त्सित्सिनोकडे बघून हळूच म्हणाली, “खरंय तुझं. मी तरी कुठे धीराची आहे? दारातून नाही येत मी. नेस्तानच्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडते ना?”

त्सित्सिनोने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

“खिडकीला उंबरा नसतो,” मावशी म्हणाली, आणि बूट काढायला बसलीसुद्धा.

माझी मावशी साठी उलटलेली, भरल्या अंगाची, उजवा गुडघा कुरकुरणारा. गोचाने व्हरांड्यातलं स्टूल खिडकीखाली ओढलं. मावशीने एक पाय खिडकीत टाकला, डोकं घातलं, आणि घोडं तिथेच अडलं. अर्धी मावशी आत, अर्धी व्हरांड्यात.

“ढकल की रे!” आतून आवाज आला.

“कुठे हात लावू, मावशी?”

“लाजतोस काय मेल्या! जन्मलास तेव्हा तुला उताणा धरून धुतलाय मी! ढकल!”

गोचाने डोळे मिटून ढकललं. धप्पकन आवाज झाला, आणि मागोमाग, विश्वास बसणार नाही, नेस्तानचं हसू ऐकू आलं. “हसू नकोस गं, दम राखून ठेव,” मावशी म्हणाली. मी बॅग आत दिली आणि मीही खिडकीतूनच घुसले.

पुढचं मी नीट पाहिलं नाही. नेस्तानने माझा हात इतका दाबला होता की त्या आठवड्यात मला कात्री धरता आली नाही. त्सित्सिनो गरम पाणी आणत होती, टॉवेल आणत होती, मावशीच्या नजरेला नजर देत नव्हती. मावशी एकदम वेगळीच झाली होती. आवाज चढला नाही, हात चुकला नाही. “आता. हं, आता थांब. शाब्बास माझी वाघीण. आता.”

आणि मुलगी झाली.

पण ती रडेना. निळसर, मऊ, गप्प. मावशीने तिचं तोंड साफ केलं, तिला पालथी धरली, पाठ टॉवेलने चोळली. पुन्हा चोळली. मावशीचे ओठ हलत होते. मला वाटलं ती प्रार्थना करतेय. वाकून ऐकलं तर ती म्हणत होती, “माझ्यामुळे नको. बाळा, माझ्यामुळे नको.”

त्सित्सिनोनेही ते ऐकलं. तिच्या हातातलं पातेलं हळूहळू खाली गेलं.

मग एक बारीकशी शिंक आली. मग असा भोंगा लागला की व्हरांड्यात गोचा मटकन खाली बसला.

मावशीने बाळ नेस्तानच्या छातीवर ठेवलं, भिंतीला टेकली आणि हुंदके देऊन रडायला लागली. त्सित्सिनो तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मावशीचे दोन्ही हात आपल्या एप्रनमध्ये घेतले आणि एकेक बोट पुसत बसली.

बाहेर जिन्यावर गाणं ऐकू आलं. मुर्मानकाका! ताट छातीशी धरलेलं, टोपी तिरकी, नाक लाल. त्याच्या मागे ट्रॅक्टरने ओढून आणलेल्या ॲम्ब्युलन्समधली डॉक्टरीणबाई, कमरेपर्यंत भिजलेली. मुर्मानने उंबऱ्यापाशी येऊन उजवा पाय उचलला. “पाऊल ठेवतो—”

“थांब!” त्सित्सिनो इतक्या जोरात ओरडली की बाळसुद्धा गप्प झालं. “मुर्मान, पाय मागे घे!”

“आँ?” मुर्मान एका पायावर डुलत राहिला.

“डॉक्टरीणबाई, तुम्ही खिडकीतून या,” त्सित्सिनो म्हणाली. त्या बाई तिथल्याच होत्या. एक शब्द न विचारता स्टुलावर चढल्या. मग त्सित्सिनो मावशीकडे वळली. “मझेविनार, तू बाहेर जा.”

मावशीचा चेहरा कसा झाला ते सांगवत नाही मला. “जाते,” ती म्हणाली आणि खिडकीकडे निघाली.

“खिडकीतूनच जा. आणि दारातून आत ये.”

मावशी थांबली. “नको, त्सित्सिनो.”

“घरात अजून कुणीही उंबरा ओलांडलेला नाही. मुर्मान, ताट दे तिला.”

“आणि मी?” मुर्मान म्हणाला.

“तुला वाइन मिळेल. गप्प बस.”

मावशी बाहेर गेली, बूट घातले, ताट घेतलं, आणि उंबऱ्यासमोर येऊन थिजली. ताटातल्या वड्या खडखडत होत्या. “वर्षात काही वाईट झालं तर? मला नाही गं सहन होणार पुन्हा.”

“काही वाईट झालं तर मी रडेन. तुला बोलावून, तुझ्या गळ्यात पडून रडेन,” त्सित्सिनो म्हणाली. “तेव्हाही तेच करायला हवं होतं मी. केलं नाही. चुकलं माझं.” मग आत वळून तिने बाळाला पांघरुणात गच्च गुंडाळून आणलं आणि दारात धरलं. “ये ना आता! पोरीला वारा लागतोय!”

मावशी सवयीने बूट काढायला वाकली.

“राहू देत बूट!”

हे ऐकून गोचाने कपाळाला हात लावला. मावशी सरळ झाली. तिने पाय उचलला आणि खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “पाऊल ठेवते. देवाची कृपा असो. पाऊल माझं, ठसा देवदूताचा!”

आणि आली आत. मुर्मानने टोपी हवेत फेकली, गोचाने त्याला मिठी मारली, आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या की दोघीही ठणठणीत आहेत. मी तर कुतैसीची शहाणी, पायगुणावर विश्वास नसलेली! भोकाड पसरून रडले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला तिकडे जेवायला बोलावणं होतं. अर्धं गाव जमलं होतं. मावशीला टेबलाच्या मधोमध, बाळाजवळची खुर्ची. येणारा जाणारा पुढच्या वर्षासाठी तिला आपल्या घरचं आमंत्रण देत होता, आणि ती प्रत्येकाला “बघू, बघू” म्हणत भाव खात होती. मला जरा उशीर झाला होता. बूट काढून मी उंबरा ओलांडला, तशी त्सित्सिनो आतून किंचाळली.

“अगं बाजूने! बाजूने ये!”

मी खाली पाहिलं. आरशासारख्या घासलेल्या फरशीवर, उंबऱ्याच्या अगदी आत, मावशीच्या बुटाचा चिखल तसाच वाळलेला होता, टाचेपासून चवड्यापर्यंत स्पष्ट. उजवा पाय.