माजी वडील

पेंटरचं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलं. पण दत्तकाच्या अर्जात त्याने जितका जीव ओतला, तितका एकाही पाटीत ओतला नसेल. बायकोच्या पहिल्या लग्नाची मुलगी, नऊ वर्षांची चिवचिव, कायद्यानेही आपली लेक व्हावी, हा त्याचा ध्यास. आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे बसच्या ड्रायव्हरने, त्यावर दोनच शब्द लिहिले: हरकत आहे.

कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत पेंटर भडकला. "हे रविवारी दोन तास येणार आणि वर हरकत घेणार! तिला सायकल कोण शिकवतं? पाढे कोण घेतं?"

"तुम्हीच," ड्रायव्हर म्हणाला. "त्याबद्दल उपकारच आहेत. पण हे काय लिहिलंय?"

अर्जावर टपोऱ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: माजी वडील.

"अध्यक्ष माजी होतात. वडील कधी माजी होतात का हो?"

मुलीच्या आईने जीभ चावली. तिने 'माजी पती' सांगितलं होतं. त्याचं 'माजी वडील' पेंटरने स्वतःच्या हुशारीने केलं होतं!

"दत्तक झालं की कागदावरून मी गेलोच," ड्रायव्हर म्हणाला. "मग माझा रविवारही जाईल."

"त्यांची भीती खोटी नाही," बाई पेंटरला म्हणाल्या. "तुमची अडचण नेमकी काय आहे?"

"शाळेत सही करायला गेलो की विचारतात, तुम्ही कोण? फार लागतं हो मनाला."

"मग सहीचा अधिकार मागा. त्यासाठी एका बापाला कशाला खोडता? पोरगी म्हणजे काय दुकानाची पाटी आहे, जुनं नाव पुसून नवं लिहायला?"

इतका वेळ चित्र काढत बसलेली चिवचिव म्हणाली, "मला कुणी विचारतच नाही! मला दोघंही हवेत. आठवड्यात सात दिवस असतात. पुरतात की!"

सगळे हसले. पेंटरचे डोळे मात्र भरून आले. "चुकलं माझं!" म्हणत त्याने अर्ज मागे घेतला.

तेव्हा ड्रायव्हर आपणहून म्हणाला, "शाळेत, दवाखान्यात यांची सही चालावी, असं संमतीपत्र मी देतो. फक्त लिहू द्या यांनाच. माझं अक्षर मलाच लागत नाही!"

पेंटरने ते तिथेच लिहायला घेतलं. ड्रायव्हरच्या नावापुढे त्याने ठसठशीत लिहिलं: वडील. मग स्वतःच्या नावापुढे काय लिहावं, म्हणून तो अडला.

"पेंटरबाबा लिहा," चिवचिवने सांगितलं.

वाचकहो, लेकराचा बाप व्हायला दुसऱ्या कुणाला माजी करावं लागत नाही. लेकराच्या मनात जागा भरपूर असते. आपणच उगाच जुनी पाटी काढायला शिडी लावतो.